बारसं तोंडावर आलंय आणि गुरुजींनी अक्षर काढलंय 'ढ'

पांझराकाठ

मंडळी, गोड बातमी अशी की मुलगी झाली, बाळ-बाळंतीण दोघी बऱ्या, बायको माहेरी अमळनेरला आहे. पाचवीला सटवाईची पूजा झाली, सासूबाईंनी कोरा कागद आणि पेन ठेवला, रात्री येऊन ती नशीब लिहून जाते म्हणे. नाव पण लिहून गेली असती तर माझं काम झालं असतं.

आता प्रॉब्लेम. गुरुजींनी पत्रिका मांडली, पूर्वाषाढा नक्षत्र, चौथं चरण, अक्षर ढ. मी दोनदा विचारलं, ढ म्हणजे ढालीतला ढ का, तर हो म्हणाले. त्यात घरात चार पार्ट्या पडल्यात. आईला मुक्ता हवंय. बायकोला दोन-तीन अक्षरी काहीतरी, मोबाईलवर यादी करून ठेवलीय, मायरा, कियारा, रूही वगैरे. बाबा सरळ बोलत नाहीत पण रोज एकदा म्हणतात की माझ्या आईचं नाव चाललं पाहिजे, आणि आजीचं नाव होतं सुपडाबाई. चौथी पार्टी माझी बहीण, ती सुरतला उधन्यात असते, तिचं म्हणणं एकच, नाव ठेवायचा मान आत्याचा, तुम्ही मध्ये पडू नका.

माझ्या मनात कोणालाच न सांगितलेलं एक नाव आहे, तापी. पण बोलायची हिंमत होईना. सुचवा काहीतरी.

वरणबट्टी

अभिनंदन भो! आंडेर उनी म्हंजे लक्ष्मी उनी. पेढे कधी?

ढ वरून ढेमसं, ढोबळी, ढोकळा. आत्या सुरतची आहे म्हणजे ढोकळा फायनल समजा.

मुक्काम_फैजपूर

हहपुवा, हसून हसून पुरेवाट. वर्गात बाईंनी हजेरीला 'ढ' म्हटलं की पोरगी उभी राहील.

जुने_मास्तर

आधी अभिनंदन. आता अक्षराचं समजून घ्या, मग घाबरायचं कारण उरणार नाही. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे अक्षरं झाली १०८. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो, तेव्हा एका चरणाच्या वाट्याला सहा तासांच्या आसपास येतात. त्या सहा तासांत धुळ्यात, जळगावात, नंदुरबारात जेवढी पोरं जन्मली त्या सगळ्यांना तुमचाच ढ आलाय. एकशे आठ भरायचे म्हणजे सगळी अक्षरं सोयीची कशी येतील? हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण येतो, आर्द्रेत ङ आहे, उत्तराभाद्रपदेत झ आणि ञ. ञ वरून नाव काढून दाखवा कोणी.

म्हणूनच जुन्या लोकांनी नावरस नाव वेगळं आणि चालवायचं नाव वेगळं ठेवलं. नावरस पत्रिकेत राहतं, लग्न जुळवताना लागलं तर लागतं, हाक कोणी त्या नावाने मारत नाही. आणि तेवढंही मन मानत नसेल तर रास धरा, चरण सोडा. धनू राशीची अक्षरं ये, यो, भा, भी, भू, धा, फा, ढा, भे. धा वरून धरा नाही पण धारा होतं, भ वरून भार्गवी, भैरवी, य वरून योगिता, यो चालतो म्हणून. हे गुरुजींना विचारा, बहुतेक गुरुजी हो म्हणतात.

पांझराकाठ

मास्तर, हे भारी सांगितलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली मग मुक्ता का नको, रास कशाला पाहायची. म्हणजे आम्ही परत तिथेच.

चाळीसगावची_सून

दादा, वहिनीला एक विचारा माझ्याकडून. आडनाव पाटील आहे का? असेल तर मायरा पाटील, आरोही पाटील, अन्वी पाटील ही नावं ठेवायच्या आधी जवळच्या कुठल्याही नर्सरीत जाऊन हजेरीपट ऐका. माझ्या लेकीच्या वर्गात आरोही पाटील नावाच्या इतक्या मुली आहेत की बाईंनी त्यांना डब्याच्या रंगावरून ओळखायला सुरुवात केली, लाल डब्बावाली आरोही आणि मिकी माऊसवाली आरोही. परवा डब्यांची अदलाबदल झाली आणि आमची आरोही दुसऱ्याच्या घरची मेथी खाऊन आली, घरी कधी खात नाही ती.

मी काही वहिनीच्या विरोधात नाही बरं का. नऊ महिने तिने काढले, माहेरी पडून ती यादी करते आणि इकडे चार जण आपापलं नाव घुसवतात. सगळ्यात जास्त मत तिचंच धरलं पाहिजे.

तापीमाय

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. आईचं मत कोणी विचारतच नाही. आता निदान कागदावर तरी आईचं नाव येतं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचा नियम झालाय. पाटलांच्या गर्दीत त्याचा फायदाच होईल.

जिभाऊ_पारोळा

सुपडाबाई नावाला हसू नका रे पोरांनो. मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो मला, पण हे लिहितोच.

आपल्या खान्देशात जुनी नावं बघा. सुपडू, धुडकू, दगडू, झिपरू, उखा, भिका, लोटन, वेडू, निंबा, कौतिक, हिलाल, आधार. पुण्याकडच्या माणसाला अर्धी नावं ऐकून हसू येतं. पण ही नावं कोणी हौसेने ठेवली नव्हती. एकामागे एक पोरं जायची, देवी, कॉलरा, साधा ताप. मग पुढचं जगावं म्हणून त्याला मुद्दाम वाईट नाव द्यायचं, म्हणजे नजर लागत नाही आणि सटवाईलाही नकोसं वाटतं.

माझ्या वडिलांच्या आधीची भावंडं गेली होती. वडील जन्मले तेव्हा सुईणीने त्यांना नवीन सुपात ठेवलं, सूप उचलून दारापर्यंत नेलं, जसं काही कचरा फेकायला चालली, आणि तिथे शेजारची म्हातारी उभी होती तिने सूप हातात घेतलं. मग माझ्या आजीने तिला पसाभर ज्वारी देऊन पोरगं परत विकत घेतलं. आता ते पोरगं आमचं नाही, विकतचं आहे, म्हणून देव नेत नाही असं. नाव सुपडू. ती म्हातारी मरेपर्यंत वडील तिला माय म्हणायचे आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्याकडे आंबे आणि सांजोऱ्या जायच्याच, एक वर्ष चुकलं नाही.

उकिरड्यावर ठेवून उचललं की उखा, उकर्डू. नाक टोचलं की नथू. मागून घेतलं की भिका. नशिराबादचे झिपरूअण्णा महाराज केवढे मोठे, नाव बघा. तेव्हा सुपडाबाई नाव ठेवा म्हणत नाही मी, पण तुमच्या बाबांना काय म्हणायचंय ते समजून घ्या. त्या नावाने त्यांची आई जगली.

वरणबट्टी

जिभाऊ, दंडवत. आमच्या आजोबांचं नाव आधार. आधार कार्ड काढायला गेलो तर तिथला पोरगा म्हणे काका आधारवर नाव काय टाकू, म्हटलं आधार, तो म्हणे हो आधारच काढतोय पण नाव काय. दहा मिनिटं हेच चाललं.

मुक्काम_फैजपूर

🤣🤣

तापीमाय

जिभाऊ, आदर आहे पण एक बाजू राहिली. मुलाला सुपडू म्हटलं ते जगावं म्हणून. मुलीचं नाव नकोशी, नकुसा ठेवलं ते आता पुरे झाल्या म्हणून. दोन्ही नावं वाईटच दिसतात पण एकात जीव अडकलाय आणि दुसऱ्यात ती नको आहे. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली होती, पोरींनी स्वतः नवीन नावं निवडली. आपल्याकडेही धोंडाबाई होत्याच की.

जिभाऊ_पारोळा

खरं आहे ताई. ते नाकारत नाही. आमच्याच भाऊबंदकीत होती एक.

केळीबाग_रावेर

माझा निकष एकच, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते नाव म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे ळ चा य होतो आणि ण चा न. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. माझ्या भावाने पोराचं नाव ठेवलं हृधान. अर्थ विचारला तर म्हणे इंटरनेटवर आहे. आमची माय पहिल्या दिवशी रुदान म्हणाली, मग रुधन, मग कंटाळून बंड्या. आता पोरगा शाळेत जातो आणि कोणी हृधान म्हटलं तर मागे वळून बघतच नाही, त्याला वाटतं दुसऱ्याला हाक मारली.

मृणालचं मुनाल होतं. वेणूचं वेनू होतं, ते चालून जातं. मुक्ता मात्र कोणाच्याही तोंडात बसतं.

जुने_मास्तर

साईटवरच्या अर्थांबद्दल बोलू नका, डोकं फिरतं. रेयांश म्हणजे सूर्याचा अंश असं लिहितात. रवि आणि अंश जोडलं तर रव्यंश होईल, रेयांश कुठून आलं? नाव ठेवायला हरकत नाही, कानाला बरं वाटतं म्हणून ठेवा, पण संस्कृत आहे असं पाहुण्यांना सांगू नका.

धुळेकर_पुण्यात

मुक्ता नावाला माझं +१. मुक्ताईनगरचं आधीचं नाव एदलाबाद, ते मुक्ताईवरूनच बदललं. कोथळीला जुनं मंदिर, मेहूणला तापीकाठी ती वीज कडाडली आणि गुप्त झाली म्हणतात. चांगदेवांसारख्या म्हाताऱ्या योग्याला तिने शिष्य केलं, वय काय होतं तिचं! पोरीला नाव द्यायचं तर असं द्या. बहिणा पण सुचवतो, आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंवरून, पण ण आहे त्यात.

पांझराकाठ

केळीबाग दादा, तुमचा निकष आवडला. काल आईला यादी म्हणायला लावली. मायरा म्हणताना मायरं म्हणते, कियाराचं कियारी. आपल्या वावरातले वाफे ना, कियारी. बायकोने फोनवर ऐकलं आणि स्वतःच यादीतून काढून टाकलं. रूही अजून शिल्लक आहे.

बाबू_जन्ममृत्यू

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीचं काम केलंय, कुठल्या ते नको, म्हणून चार शब्द.

एक, नाव ठरलं नाही म्हणून नोंद थांबवू नका. जन्माची माहिती २१ दिवसांत गेली पाहिजे, दवाखान्यात झाला असेल तर तेच पाठवतात. नावाचा रकाना रिकामा राहिला तरी नोंद होते. मग १२ महिन्यांत नाव टाकलं तर फी नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. तेव्हा बारशाच्या भांडणात घाईने काहीतरी लिहून देऊ नका. लोक काय करतात, दवाखान्यात सिस्टरने विचारलं की तोंडात येईल ते सांगतात, मग घरी वेगळं ठरतं आणि दुरुस्तीला पळतात. एकदा टाकलेलं नाव बदलायचं म्हणजे चकरा, पुढे मोठेपणी असेल तर राजपत्र.

दोन, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, लायसन, मतदार यादी सगळीकडे जन्मतारखेला जन्माचा दाखलाच चालतो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर निभावून न्यायचे, ते गेलं. म्हणून दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट वाचून मगच सही करा. अन्वी नावात एक ए की दोन, शेवटी आय की डबल ई, हे घरात आधी ठरवा. अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून एक जादा अक्षर घुसवलेले लोक पुढे पासपोर्टला आणि बँकेत काय भोगतात ते मी पाहिलंय.

चाळीसगावची_सून

ही माहिती वर पिन करा कोणीतरी. बारा महिने असतात हे मला आजच कळलं, आमच्याकडे तिसऱ्या दिवशी धमकी दिली होती की आज नाव नाही दिलं तर दाखला मिळणार नाही.

उधना_मगदल्ला_रोड

मी पण सुरतलाच असते, आणि मी पण आत्याच, म्हणजे फुई. तुमच्या बहिणीच्या बाजूने बोलते. आम्ही पोटापाण्यासाठी इकडे आलो, लिंबायत म्हणा, उधना म्हणा, अर्धा खान्देश इथे आहे. वर्षातून दोनदा गावाला येणं होतं, अखाजीला आणि कानबाईच्या सणाला, ते पण सुट्टी मिळाली तर. वाटणीत काही मागत नाही, भांडत नाही. भावाच्या लेकराच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, पाठीत धपाटे खायचे, एवढा एक मान राहिलाय. ते पण तुम्ही व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर पोल टाकून ठरवता आणि आम्हाला सांगता की ताई हे नाव म्हण. म्हणजे फुई नाही, लाऊडस्पीकर झाली.

तापीमाय

ताई, कळतं. पण तुम्ही तुमच्या पोरीचं नाव ठेवताना नणंदेला विचारलं होतं का हे पण सांगा 😄

उधना_मगदल्ला_रोड

नाही विचारलं 🙈 पण माझी गोष्ट वेगळी होती.

मुक्काम_फैजपूर

प्रत्येकाची वेगळीच असते.

धुळेकर_पुण्यात

मूळ मालक, तुम्ही तापी म्हणाला होता, त्यावर कोणी बोललंच नाही. जुन्या बायकांत तापीबाई होत्या की भरपूर. गुजरातेत तर तापी नावाचा जिल्हाच आहे.

वरणबट्टी

भो पण शाळेत पोरं काय म्हणतील, डोक्याला ताप आली, ताप उतरली का. पोरं लई हरामी असतात. गंगा, गोदा, कृष्णाला काही त्रास नाही, आपलीच नदी अडचणीची.

जुने_मास्तर

तापी ही सूर्याची मुलगी, मध्य प्रदेशात मुलताईला उगम आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते, ७२४ किलोमीटर. पश्चिमेला वाहणाऱ्या मोठ्या नद्यांत नर्मदा आणि ही. तिचंच जुनं नाव तपती. महाभारतात संवरण राजाची राणी तपती, आणि तिचा मुलगा कुरू, ज्याच्यावरून पुढे कौरव. म्हणजे भीष्मांपासून पांडवांपर्यंत सगळ्यांची पणजी-खापरपणजी आपल्या काठची.

पोरं चिडवणारच, नाव काहीही ठेवा. माझ्या वर्गात चंद्रकांतला चंद्र्या आणि सुनीलला शेंबड्या म्हणायचे, सुनीलचा नावाशी काय संबंध होता?

पांझराकाठ

तपती. हे मला माहीतच नव्हतं. धागा तसाच बायकोला पाठवला, बघू.

केळीबाग_रावेर

तपती. ण नाही, ळ नाही, जोडाक्षर नाही. माझ्याकडून पास.

जिभाऊ_पारोळा

माले बी जमनं. तपती बाय.

वरणबट्टी

तप्पू म्हणतील घरात.

पांझराकाठ

उशीर झाला, माफी. बारसं झालं, अमळनेरलाच, सासऱ्यांच्या गच्चीवर. घुगऱ्या, वरण-बट्टी, वांग्याची भाजी. नाव ठेवलं तपती.

बायकोने धागा रात्री फीड करता करता पूर्ण वाचला आणि सकाळी स्वतःच म्हणाली की रूहीपेक्षा हे बरंय, कोणाच्या वर्गात दुसरी नसेल. चाळीसगावच्या ताई, तुमच्या डब्ब्यांचा परिणाम. आईची मुक्ता राहिली, पण तिने वाद घातला नाही, मेहूण तापीकाठीच आहे ना म्हणाली. ती हाक मात्र मुक्तीच मारते, मारू दे.

बाबांशी बोललो. जिभाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग आजीचं सगळं सांगत बसले, तिला पण असंच सुपात घालून शेजारणीकडून परत घेतलं होतं, बदल्यात काय दिलं तर कोंडा आणि एक खण. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बारशाच्या दिवशी बाबांनी बाजारातून नवीन सूप आणलं आणि पाळण्यात टाकायच्या आधी पोरीला त्यात ठेवलं. सासूबाईंना आधी आवडलं नाही, मग कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतः त्याला हळद-कुंकू लावलं.

बहीण रुसलेलीच होती. तिची यादी वेगळी, तिला धनश्री हवं होतं, आणि ते राशीत बसतं असं तिने सुरतच्या गुरुजींना विचारून पण ठेवलं होतं. उधन्याच्या ताईंची पोस्ट मी तिला पाठवली नाही, भीती वाटली. पाळण्यावर वाकली, कानात बराच वेळ काहीतरी बोलली, मग मोठ्याने तपती म्हणाली. दोन नावं सांगितली असणार, मला खात्री आहे. विचारलं तर म्हणते ते माझं आणि तिचं. धपाटे मात्र जोरात खाल्ले तिने, वहिनीने हिशोब काढला बहुतेक.

पत्रिकेत ढ आहे तो आहेच. गुरुजींनी काय नाव लिहिलं ते मी उघडून बघितलं नाही.

बाबूसाहेब, आता रकान्यात नाव टाकायचंय. इंग्रजीत कसं लिहू? मधला ए टाकायचा का?

बाबू_जन्ममृत्यू

अभिनंदन. मधला ए टाकाच. टी ए पी ए टी आय. नाही टाकला तर टी ए पी टी आय होतं आणि सगळे ताप्ती वाचणार, ते पण नदीचंच नाव आहे पण तुमच्या मुलीचं नाही. मराठीत लिहिताना अर्जावर स्वतःच्या हाताने लिहा, ऑपरेटरला बोलून सांगू नका. दाखला प्रिंट व्हायच्या आधी स्क्रीन वाचायला मागा, देतात. आणि आईचं नाव आधार कार्डावर जसं आहे अगदी तसंच द्या, माहेरचं की सासरचं ते आधी बघा, लग्नात नाव बदललं असेल तर तिथेच घोळ होतो.

पांझराकाठ

लग्नात नाव बदललंय हो. आधारवर जुनंच आहे. आता हे कसं?

बाबू_जन्ममृत्यू

त्याला वेगळा धागा काढा.